भूगोल शिकून पुढें काय?

गिरगांवांतील एका वाचक भगिनींनीं कळविलें आहे, कीं त्यांच्या मुलीस गणितांत उत्तम गुण असतांहि ती भूगोल विषय घेऊन पुढें मानवी भूगोलाचा अभ्यास करूं म्हणते. नद्या व राजधान्या पाठ करून पोट कसें भरावयाचें, ही त्यांची काळजी.

काळजी रास्त आहे. समजूत मात्र जुनी आहे. माणसें जेथें राहतात तेथें कां राहतात, काय करून जगतात, आणि तें काम गेलें म्हणजे कोठें जातात, हा ह्या शास्त्राचा विषय. गिरगांवाहून परळकडे जाणाऱ्या बसच्या खिडकींतूनहि तो शिकतां येतो. १८५४ सालीं मुंबईंत पहिल्या कापडगिरणीची कंपनी निघाली. पुढें परळ-लालबागेंत गिरण्या दाटल्या, आणि रत्नागिरी-साताऱ्याकडील तरुण एकेका खोलींत पाळीपाळीनें निजूं लागले. बायकामुलें गांवीं, म्हणून खाणावळी, म्हणून मनिऑर्डरी. १८९६ सालीं प्लेग आला. १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला व त्यानें दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आंखल्या. आमच्या वाचकांपैकीं कितीएकांचे आजोबा गिरगांवांतून दादरला गेले असतील आणि नातवंडें तेथून पार्ल्यास वा डोंबिवलीस. तींहि ह्याच धड्यांतलीं उदाहरणें! १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. कित्येक गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्याच नाहींत. आज त्या जागीं मनोरे व मॉल आहेत. धुराडीं गेलीं हें सर्वांस दिसतें. कुटुंबें कोठें गेलीं, हें कोणी दारोदार जाऊन विचारील तेव्हांच कळेल. आणि हें ठाऊक नसतां शहराची आंखणी केली, तर पाण्याचा नळ एकीकडे व माणसें दुसरीकडे अशी गत होते. मुंबई विद्यापीठानें १९१९ सालीं समाजशास्त्राचें अध्यापकपद पॅट्रिक गेडिस यांस दिलें. ते मूळचे वनस्पतिशास्त्राचे. पण शहर आधीं पहावें, मग आंखावें, हा त्यांचा आग्रह.

आतां पोटाचें. नुसत्या बी. ए. वर फारसें कांहीं हातीं लागत नाहीं, हें स्पष्ट सांगितलेलें बरें. एम्. ए. करावें लागेल, विद्यापीठाचा भूगोल विभाग कलिन्याच्या आवारांत आहे. त्याच्या जोडीला संगणकावर नकाशे करणें व संख्याशास्त्र येत असेल, तर नगररचना, वाहतूक, पाणीपुरवठा अशा कामांत वाव आहे. येथेंच कन्येचें गणित उपयोगी पडेल. लोकसंख्येच्या प्रश्नाची आवड असल्यास १९५६ सालीं स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था जवळच, देवनारला आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस भूगोल हा वैकल्पिक विषय घेतां येतो. पण त्या एका परीक्षेवर आयुष्य टांगून ठेवूं नये. प्राध्यापकीचें म्हणाल, तर नेट-सेट उत्तीर्ण होऊन कायम जागेची वाट पाहणारे आमच्या ओळखींतच आहेत.

महाविद्यालय निवडतांना मात्र नांवावर जाऊं नये. तेथें संगणकावर नकाशे करावयास शिकवितात कीं नाहीं, व विद्यार्थ्यांस पाहणीसाठीं वस्त्यांतून हिंडवितात कीं नाहीं, हें मायलेकींनीं स्वतः जाऊन विचारून यावें.