विश्लेषण : विंडोज की मॅक? संगणक बदलल्याने ध्वनिमुद्रण सुधारते का?

विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरच्या घरी पॉडकास्ट, ऑडिओबुक किंवा गाण्याचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या अनेकांपुढे तेव्हापासून एक खर्चीक प्रश्न उभा आहे. जुना लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही. मग नवा विंडोज लॅपटॉप घ्यायचा, मॅककडे वळायचे की लिनक्स टाकून पाहायचे? या चर्चेत एक वाक्य हमखास कानी पडते : ‘मॅकवर आवाज चांगला येतो.’ त्यात तथ्य किती?

आवाजाचा दर्जा नेमका कुठे ठरतो?

सगळ्यात आधी खोलीत आणि मायक्रोफोनसमोर. मायक्रोफोन हवेतील कंपनांचे विद्युत लहरीत रूपांतर करतो, प्रीअ‍ॅम्प ती लहर मोठी करतो आणि कन्व्हर्टर चिप सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा तिचे मोजमाप घेऊन प्रत्येक नमुना १६ किंवा २४ बिटच्या आकड्यात बसवते. ही कामे ऑडिओ इंटरफेसमध्ये किंवा यूएसबी मायक्रोफोनच्या पोटातच उरकतात. मागची खरखर किती येणार, बारीक श्रुती किती टिपली जाणार, याचा निकाल तिथेच लागतो. ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती येतात ते निव्वळ आकडे. ते आले तसे फाइलमध्ये उतरले, तर विंडोज, मॅक आणि लिनक्सवरच्या फायलींत ऐकू येईल असा काहीही फरक राहत नाही.

याचा पडताळाही घेता येतो. इंटरफेसचे डिजिटल आउटपुट त्याच्याच डिजिटल इनपुटला जोडायचे, एक फाइल वाजवून पुन्हा मुद्रित करायची, दोन्ही फायली नमुन्याला नमुना जुळवायच्या आणि एकीची लहर उलटी करून दुसरीत मिसळायची. आकडे जसेच्या तसे आले असतील तर हाती फक्त शांतता उरते. ‘नल टेस्ट’ या नावाने ही चाचणी ओळखली जाते.

मग ‘मॅकवर चांगला’ हा समज आला कुठून? बऱ्याचदा तुलना होते ती लॅपटॉपच्या अंगच्या मायक्रोफोनची. मॅकची हार्डवेअर आणि प्रणाली एकाच कंपनीची असते. विंडोज लॅपटॉप डझनावारी कंपन्या बनवतात आणि किंमत उतरवताना मायक्रोफोन व ध्वनिचिपवर पहिली कात्री चालते. तो फरक खरा आहे, पण तो मायक्रोफोन आणि चिपचा आहे. एकच इंटरफेस दोन्हीकडे लावला की तो उरत नाही.

मग ऑपरेटिंग सिस्टीमचा संबंध कुठे येतो?

वेळेशी. वाहत्या नळाखाली बादल्या लावण्यासारखे हे काम आहे. नळ बंद करता येत नाही. एक बादली भरली की त्या क्षणी दुसरी लावायची. लावणारा कोण आहे यावरून पाण्याची चव बदलत नाही. पण त्याचा हात उशिरा पोहोचला तर सांडलेले पाणी परत मिळत नाही. ही बादली म्हणजे ‘बफर’. ४८,००० नमुन्यांच्या गतीला १२८ नमुन्यांचा बफर सुमारे २.७ मिलिसेकंदांत भरतो, तर ५१२ नमुन्यांचा सुमारे १०.७ मिलिसेकंदांत. प्रोसेसर तेवढ्या वेळात पोहोचला नाही, तर काही नमुने हरवतात आणि मुद्रणात ‘टक्’ असा आवाज किंवा बारीक खंड पडतो.

मोठी बादली घेतली की सांडण्याची भीती कमी होते. पण मग गायकाला स्वतःचाच आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येतो. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे ५१२ नमुन्यांच्या एका बफरचा उशीर हा आपला आवाज साडेतीन मीटरवरून ऐकण्यासारखा, आणि आत येणे व बाहेर जाणे धरले तर तो दुपटीहून अधिक. कथा वाचणाऱ्याला हे चालून जाईल. तबल्यावर द्रुत लय धरणाऱ्याचा हात मात्र अडखळतो, आणि मग मुद्रण तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असूनही वादन बिघडलेले असते. लहान बफर न सांडता सांभाळणे हीच प्रणालीची खरी परीक्षा.

विंडोजची बदनामी का झाली?

विंडोज एक्सपीमध्ये आवाज सामान्यतः ‘केमिक्सर’ नावाच्या घटकातून जात असे. तो आवाज एकत्र मिसळे, गरज पडल्यास नमुन्यांची गती बदले आणि वर उशीरही लावत असे. विंडोजची नेहमीची वाट टाळण्यासाठी जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७मध्येच ‘एएसआयओ’ ही थेट वाट काढली होती. व्यावसायिक इंटरफेस आजही विंडोजवर तीच वापरतात. २००७च्या व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने रचना बदलून ‘वासापी’ आणली. तिच्या ‘एक्सक्लुझिव्ह’ पद्धतीत एकच सॉफ्टवेअर उपकरणाचा ताबा घेते आणि आकड्यांना मध्ये कोणी हात लावत नाही. ‘शेअर्ड’ पद्धतीत मात्र उपकरणाची गती ४८,००० आणि सॉफ्टवेअरची ४४,१०० असेल, तर प्रणाली मुकाट्याने रूपांतर करते. अ‍ॅपलने कमी उशिराची ‘कोअर ऑडिओ’ रचना मॅक ओएस टेनमध्ये पायापासूनच घातली, त्यामुळे मॅकवाल्यांना वेगळा ड्रायव्हर शोधत बसावे लागले नाही.

विंडोजवर आणखी एक दुखणे असते. वायफाय किंवा ग्राफिक्सचा एखादा ड्रायव्हर प्रोसेसरला क्षणभर अडवून धरतो आणि बादली सांडते. लॅपटॉप महागडा असला तरी हे होते.

पण मॅकही धुतल्या तांदळासारखा नाही. २०१८च्या टी२ चिपच्या मॅकवर यूएसबी इंटरफेसचा आवाज तुटण्याच्या तक्रारी आल्या आणि त्यावरचा उपाय मार्च २०१९च्या अद्ययावतीकरणात मिळाला. २०१९च्या कॅटालिनाने ३२ बिटची सॉफ्टवेअर बंद केली, त्यात अनेक जुने प्लगइन गेले. २०२५च्या टाहो आवृत्तीत फायरवायरचा आधारच काढला. उत्तम चालणारे जुने फायरवायर इंटरफेस त्या मॅकवर निरुपयोगी झाले.

ऑनलाइन शिकवणीत तंबोरा गायब का होतो?

इथे प्रणाली खरोखर आवाजात हात घालते, आणि तेही न विचारता. बैठका व कॉलसाठी बनवलेली गोंगाट कमी करणारी सोय एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी, असे गृहीत धरते. तंबोरा एकसारखाच चालतो. परदेशातल्या शिष्यांना शिकवणाऱ्या गुरूंनी हे अनुभवलेले असते : दोन-चार सेकंदांत तंबोरा विरतो, पेटीचा धरलेला सूर फाटतो, लांब ‘आ’कार मध्येच बसतो, बायाचा घुमारा कापला जातो. शिष्य बेसूर की यंत्रणा, तेच कळेनासे होते.

ही प्रक्रिया अ‍ॅप, प्रणाली आणि ड्रायव्हर अशा तीन ठिकाणी असू शकते, म्हणून एकीकडे बंद करून भागत नाही. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ सुरू करावे लागते. विंडोज ११मध्ये साउंड सेटिंगमधील मायक्रोफोनच्या पानावर ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करावे, आणि नव्या एआय लॅपटॉपवर ‘व्हॉइस फोकस’ही. मॅक व आयफोनवर कॉल सुरू असताना मायक्रोफोनची पद्धत ‘व्हॉइस आयसोलेशन’वर नाही ना, हे पाहावे. अँड्रॉइडने प्रक्रिया न केलेला आवाज घेण्याचा मार्ग २०१६च्या सातव्या आवृत्तीत अ‍ॅपना दिला. पण फोन तो देतो का आणि अ‍ॅप तो घेते का, हे दोघांवर अवलंबून असते.

ब्लूटूथ हेडसेटचा घोळ याहून मोठा आहे. त्याचा मायक्रोफोन सुरू होताच जोडणी बहुधा कॉलच्या पद्धतीत जाते आणि नमुन्यांची गती १६,०००, कधी ८,०००वर येते. १६,०००च्या गतीत ८ किलोहर्ट्झच्या वरचे काहीच उरत नाही, आणि ‘स’ची धार तर त्याच भागात असते. पॉडकास्टमधला पाहुणा फोनवरून बोलतोय असे वाटते ते बहुतेक यामुळे. तारेचा साधा हेडफोन इथे महागड्या ब्लूटूथवर मात करतो.

आता काय बदलते आहे?

मायक्रोसॉफ्टने २०२४मध्ये यामाहा आणि क्वालकॉम यांच्यासह विंडोजमध्येच एएसआयओची सोय असलेला नवा यूएसबी ड्रायव्हर देण्याची घोषणा केली. विंडोजचे सर्वांत जुने दुखणे त्यामुळे हलके होऊ शकते. लिनक्समध्ये वेळ काटेकोर पाळणारी ‘प्रीएम्प्ट आरटी’ रचना अनेक वर्षे बाहेरून जोडावी लागे, २०२४च्या ६.१२ कर्नेलमध्ये ती मूळ प्रवाहात आली. मात्र इंटरफेस कंपन्यांची नियंत्रण सॉफ्टवेअर लिनक्सवर क्वचितच मिळतात, तेव्हा आधी आपले उपकरण चालते का ते तपासावे.

नवा संगणक घ्यावा का?

आवाजाचा दर्जा हेच कारण असेल तर नाही. तोच पैसा मायक्रोफोन, इंटरफेस आणि खोलीत घालायच्या जाड पडद्यांवर जास्त सत्कारणी लागेल. विंडोज १० सोडण्याचे खरे कारण सुरक्षा आहे. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी नोंदणी करून सुरक्षा अद्ययावतीकरणे घेण्याची मुदत मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत जाहीर केली होती. पुढे कंपन्या आपले ड्रायव्हरही विंडोज ११साठीच बनवत जातील. ज्यांची जुळणी उत्तम चालते आहे, त्यांना आणखी एक मार्ग आहे : तो लॅपटॉप इंटरनेटपासून तोडून केवळ मुद्रणासाठी ठेवायचा, वायफाय बंद, बँकेचे आणि ईमेलचे काम दुसऱ्या यंत्रावर. वायफायचा ड्रायव्हर गप्प बसल्याने अशा यंत्रावर बफर लहान ठेवणेही बरेचदा सोपे जाते. फायली हलवायला पेन ड्राइव्ह लागेल, इतकेच.