पडलेले पाखरू कोणी आणले?

एम. ए.च्या वर्गात शिकारसाहित्य शिकविताना गेल्या हिवाळ्यात एक साधीच अडचण उभी राहिली. अनुवादासाठी दिलेल्या एका इंग्रजी उताऱ्यात ‘रिट्रीव्हर’ हा शब्द होता. बंदुकीने पाडलेले पाखरू पाण्यातून वा दलदलीतून शोधून, तोंडात अलगद धरून मालकाच्या हाती देणारा कुत्रा, एवढा अर्थ त्या एका शब्दात सामावलेला आहे. बहुतेकांनी ‘शिकारी कुत्रा’ असे लिहिले. ते बरोबर नाही. शिकारी कुत्रा सावज धरतो. हा धरीत नाही, आणतो. या कुत्र्यासाठी मराठीत रुळलेला शब्द नसावा, हा प्रश्न केवळ कोशाचा नसून आपल्या वाङ्मयीन आकलनाचाही आहे, असे मला वाटते.

प्रथम आकाशाकडेच पाहावे. ग्रीकांनी ज्या तेजस्वी ताऱ्यात ओरायन या शिकाऱ्याचा कुत्रा पाहिला, त्याच ताऱ्याला आपण व्याध म्हणतो. त्यांचा शिकारी तो आपला मृग आणि त्याच्या कमरपट्ट्याचे तीन तारे म्हणजे आपल्या मृगाच्या पोटात रुतलेला बाण. आपल्या आकाशात शिकारी आहे, सावज आहे, बाणही आहे. कुत्रा तेवढा नाही. (लोकमान्यांनी १८९३च्या ‘ओरायन’मध्ये वैदिक श्वानांचा विचार केला आहे, हे मी विसरलेलो नाही; परंतु लोकव्यवहारात उरला तो एकटा व्याध.)

वाङ्मयात कुत्रा नाही असे मात्र नव्हे. युधिष्ठिराच्या मागोमाग चालत राहिलेला कुत्रा आहे. एकलव्याने ज्याचे तोंड बाणांनी बंद केले तो पांडवांच्या शिकारीतील कुत्रा आहे. दत्ताच्या पायाशी चार श्वान आहेत आणि जेजुरीचा वाघ्या तर स्वतःच खंडोबाचा कुत्रा होतो. ‘लीळाचरित्रा’त पारध्यांच्या कुत्र्यांपुढे धावणारा ससा चक्रधरांच्या आश्रयाला येतो. या सर्व ठिकाणी कुत्रा एकतर निष्ठेचे प्रतीक असतो किंवा पाठलागाचे साधन. माणसाच्या बरोबरीने एखादे काम करणारा सोबती म्हणून तो येत नाही.

याचे कारण संस्कृतीच्या गूढात शोधण्यापेक्षा शिकारीच्या तंत्रात शोधावे. आपल्याकडे पाखरे धरली जात ती मुख्यतः फाशाने, जाळ्याने, पाळीव तितराच्या आमिषाने, राजेरजवाड्यांकडे ससाण्याने. फासेपारध्यांचे नावच ते सांगते. फाशात अडकलेले पाखरू जागीच राहते. ते आणण्यासाठी कुत्रा लागत नाही. आपले नावाजलेले शिकारी कुत्रे, कारवान आणि मुधोळ, नजरेने सावज टिपून वेगाने गाठणारे. पाखरू दूर, पाण्यात, जखमी होऊन पडते ते छऱ्याच्या बंदुकीने. ‘रिट्रीव्हर’ हे त्या बंदुकीचेच अपत्य होय. स्कॉटलंडमध्ये पुढे लॉर्ड ट्वीडमथ झालेल्या डड्ली मार्जोरीबँक्स यांनी १८६८ पासून सोनेरी रिट्रीव्हरची पैदास सुरू केली, ती बंदुकीच्या शिकारीच्या भरभराटीत. या कुत्र्याचे शिक्षण विलक्षण आहे. बार होईपर्यंत त्याने निश्चल बसायचे, पाखरू कोठे पडले ते नजरेत ठेवायचे, आज्ञेविना उठायचे नाही, आणि ज्याचा वास त्याला वेडावतो ते मांस दातही न रुतविता आणून सोडून द्यायचे. या नात्याचा गाभा प्रेमापेक्षा संयमात आहे, आणि इंग्रजी शिकारवाङ्मय त्याविषयी भरभरून बोलते.

आपल्याकडे असे लेखन का झाले नाही, अशी खंत अधूनमधून ऐकू येते. मला ती पटत नाही. साहेबांनी इकडे कुत्रे आणलेच नाहीत असे नव्हे. परंतु येथील उष्मा, चिखल आणि जळवा यांत ते काम पुष्कळदा अनवाणी माणसांकडूनच करून घेतले जाई. त्या काळचे शिकारवृत्तान्त वाचताना ‘पाखरे गोळा करण्यात आली’ अशा धाटणीचे कर्त्याविना वाक्य आले की अभ्यासकाने तेथे थांबावे. कुत्र्याने आणले असते तर त्याचे नाव, रंग, खोड्या हे सारे आले असते. व्यंकटेश माडगूळकरांनी पुढे बंदूक बाजूला ठेवली आणि ते रान निरखू लागले. मारुती चितमपल्लींनी नवेगावच्या माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या मुरलेल्या शिकाऱ्याचे ऋण मोकळेपणाने मानले. या दोघांमुळे मराठीत रानाचा जाणकार माणूस नावानिशी उभा राहिला. पण मराठीतील शिकारकथेचा विचार आपण अजूनही साहस आणि निसर्गवर्णन या दोनच खणांत करतो. श्रमाचा खण रिकामाच आहे.

हे सारे मी वर्गात सांगत होतो. आमचे महाविद्यालय वसईचे. भुईगावच्या पाणथळीवर आजही हिवाळी बदके उतरतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला आणि १९९१च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही संपविली. ते योग्यच झाले. आता नालासोपारा-विरारच्या इमारतींत लॅब्राडोर दिसतात. जिन्यातून घरंगळलेला चेंडू ते अचूक आणून देतात. जातीने मिळालेले काम ते विसरलेले नाहीत.

तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक वारली विद्यार्थी थांबला. त्याचे आजोबा तरुणपणी, म्हणजे कायदा येण्यापूर्वी, मुंबईहून येणाऱ्या बंदूकवाल्यांबरोबर खाजणात जात. घरचा कुत्रा बांधून ठेवावा लागे. भुंकला तर पाखरे उठतील. बार झाला की कमरभर रेंद्यात उतरायचे ते आजोबांनी. या कामाला घरात ‘पाखरं वेचायला जाणे’ म्हणत. मी तो शब्द तेथेच वहीत लिहून घेतला. जाता जाता त्याने आणखी एक सांगितले. बदक दोन्ही तळव्यांत, पाठीकडून धरून आणावे लागे. पंख मोडला किंवा पिसे चिखलाने भरली तर त्या पाखराचे पैसे मिळत नसत. आजोबा आता थकले आहेत, पण नातवाने दाखव म्हटले की रिकाम्या हातांनी ते तसे धरून दाखवतात.