असत्यशोधक यंत्राची मर्यादा

असत्य बोलताना मनुष्याचा श्वास, रक्तदाब व त्वचेवरील घाम यांत फरक पडतो, या गृहीतावर पॉलिग्राफ यंत्र उभे आहे. परंतु ते असत्य नोंदवीत नाही. नोंदविते ती केवळ शरीराची खळबळ. निरपराध मनुष्यात ती भीतीनेही उत्पन्न होते, आणि निर्ढावलेल्या मनुष्यात ती होईलच असे नाही. १९८५ पासून हेरगिरी करणारा अमेरिकी अधिकारी ऑल्ड्रिच एम्स १९८६ व १९९१ मध्ये या चाचणीत उत्तीर्ण झाला. त्यास अटक झाली ती १९९४ मध्ये.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००३ मध्ये मांडलेला हिशेब विचार करावयास लावणारा आहे. समजा, १०,००० कर्मचाऱ्यांत १० हेर आहेत. चाचणी बरीच अचूक मानली, तरी त्यांपैकी ८ हेर सापडावेत इतकी ती कडक ठेवताच सुमारे १,६०० निरपराधही संशयित ठरतात. म्हणजे दर दोनशे संशयितांमागे खरा हेर एकच!

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये संमतीवाचून अशी चाचणी करणे घटनाबाह्य ठरविले, हे उचितच झाले. मात्र संमतीने यंत्राची अचूकता वाढत नाही. तपासाचा भार पुराव्यावरच असावा. आलेखाच्या रेषांवर कोणाची अब्रू टांगणे विज्ञानास शोभत नाही.