केस रंगवा, पण ४८ तास थांबा!

मैत्रिणींनो (आणि मित्रांनोसुद्धा!), घरी पहिल्यांदाच केस कलर करणार असाल तर खुशाल करा. "शिकायला आलात की नटायला?" म्हणणाऱ्या काकूही काळी मेंदी लावतातच ना! माझा आक्षेप रंगाला नाही, घाईला आहे.

लग्न उद्या आणि पाकीट आज, ही आपली पद्धत. पण डाय म्हणजे चक्क केमिस्ट्री! अमोनिया केसाचं आवरण उघडतो, हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे मूळ रंग उडतो आणि पीपीडीपासून आत नवा रंग तयार होतो. याच पीपीडीची काहींना ॲलर्जी असते. चेहरा, डोळे सुजतात. 'अमोनिया फ्री' म्हणजे पीपीडी फ्री नव्हे. नुसत्या पाल्याची मेंदी केस लालसर करते. झटपट काळे करणाऱ्या मेंदीत बहुधा पीपीडीच असतो.

म्हणून दर वेळी ४८ तास आधी कानामागे थोडासा लावून बघा. खाज आली, पुरळ उठलं, तर पाकीट सरळ फेकून द्या. आणि हो, टँकरची पाळी बघूनच रंग कालवा, धुवायला भरपूर पाणी लागतं!

या सूचना पाकिटात असतात, पण बहुतेकदा बारीक अक्षरात. आपण वाचू शकतो. बीडच्या खेड्यातल्या आपल्या आजीचं, मावशीचं काय? त्यांना वाचून दाखवणार कोण? आपणच ना!