‘नीट’चे दुसरे वर्ष : सरकारच्या हिशेबात नसलेला विद्यार्थी

२०२५ मध्ये ‘नीट’चा निकाल १४ जूनला लागला. देशभरातून २२ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी परीक्षा दिली, त्यातले १२ लाख ३६ हजारांच्या आसपास पात्र ठरले. एमबीबीएसच्या जागा तेव्हा सव्वा लाखाच्या आतबाहेर होत्या आणि त्यातल्या जवळपास निम्म्या खासगी महाविद्यालयांत. म्हणजे पात्र ठरलेल्या दहापैकी नऊ जणांना एमबीबीएसची जागा मिळणार नव्हती. अनुसूचित जातीसाठी त्या वर्षीची पात्रता ११३ गुणांची होती. तेवढे गुण पडले की वस्तीत अभिनंदनाचा फलक लागतो. सरकारी महाविद्यालयाची जागा मात्र त्याच्या कितीतरी पुढे असते, हे प्रवेशफेऱ्या सुरू झाल्यावर कळते. मग घरात एकच प्रश्न उरतो : पुन्हा बसायचे का?

वस्तीत काम करताना आम्हाला दरवर्षी जून-जुलैत हा प्रश्न ऐकू येतो. आमचे म्हणणे असे की हा प्रश्न केवळ त्या घराचा नाही. वैद्यकीय शिक्षणात कोण पोहोचणार, हे आता मोठ्या प्रमाणात या दुसऱ्या वर्षावर ठरते. तामिळनाडू सरकारने नेमलेल्या न्या. ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये याची आकडेवारी मांडली. त्या राज्यात २०१६-१७ ला एमबीबीएसला प्रवेश घेणाऱ्यांत पुन्हा परीक्षा देणारे सुमारे साडेबारा टक्के होते. २०२०-२१ पर्यंत ते ७१ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रातले चित्र लातूर-नांदेडच्या शिकवण्यांच्या गल्लीत उभे राहिले तरी दिसते. ज्या घराला एक वर्ष विकत घेता येते, त्या घरातले मूल पुढे जाते.

आपल्या मुलांचे हे वर्ष कसे जाते? भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, समाजकल्याणची वसतिगृहे आणि स्वाधार योजना या तिन्हींची पहिली अट एकच आहे : विद्यार्थ्याने कुठल्यातरी अभ्यासक्रमात प्रवेश घेतलेला असावा. पुन्हा परीक्षा देणारा विद्यार्थी कुठेच दाखल नसतो. म्हणून तो कोणत्याच योजनेत बसत नाही. काही मुले वसतिगृहाची खोली टिकवण्यासाठी बीएस्सीला नावापुरता प्रवेश घेतात आणि दोन्हीकडे ओढली जातात. मुलींचे हे वर्ष तर आणखी अवघड. ‘एक वर्ष घरी बसणार’ एवढे नातेवाइकांच्या कानावर गेले की स्थळे येऊ लागतात.

असे असले तरी हातात आहे ते नीट वापरले पाहिजे. पहिली गोष्ट, मागचा निकाल गुणांनी नव्हे तर क्रमांकाने वाचावा. २०२४ मध्ये देशात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण मिळाल्याचे आधी जाहीर झाले होते. २०२५ मध्ये सर्वोच्च गुण ६८६ होते. दोन वर्षांच्या गुणांची तुलनाच होऊ शकत नाही. दुसरी गोष्ट, चूक कुठे झाली ते विषयवार पाहावे. १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे, ४५ भौतिकशास्त्राचे आणि ४५ रसायनशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. आमच्याकडे उत्तरपत्रिका घेऊन येणारी मुले बहुधा जीवशास्त्रात तरलेली आणि भौतिकशास्त्रात अडकलेली असतात. त्यांनी पुन्हा पहिल्या पानापासून सगळेच वाचण्यात वर्ष घालवू नये. मराठीतून परीक्षा देणाऱ्यांनी इंग्रजी संज्ञाही पाठ ठेवाव्यात, कारण भाषांतरात फरक पडला तर इंग्रजी प्रश्नच अंतिम धरला जातो.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची, आणि इथे आपण सर्वांत जास्त मार खातो. गुण असून केवळ जात वैधता प्रमाणपत्र हातात नाही म्हणून धावपळ करणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा केंद्राने १९९० मध्ये दिला. पुरावा मात्र १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा लागतो. म्हणजे धर्मांतरापूर्वीचा, आजोबा-पणजोबांच्या शाळेचा किंवा महसुली दाखला, ज्यावर जुनी जात लिहिलेली आहे. तो गावाकडून आणायला आठवडे जातात. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नातेवाइकाला वैधता मिळाली असेल तर ती अर्जाला जोडावी. बारावीत असताना अर्ज राहिला असेल तर जुन्या महाविद्यालयात जाऊन तो याच पावसाळ्यात मार्गी लावावा. केंद्राच्या नमुन्यातले जात प्रमाणपत्रही काढून ठेवावे. सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागांची नोंदणी आणि राज्याच्या ८५ टक्के जागांची नोंदणी वेगवेगळी असते. पहिलीत अनुसूचित जातीला १५ टक्के, दुसरीत १३ टक्के आरक्षण आहे. एकच अर्ज भरून थांबणे म्हणजे अर्धे दार स्वतःच लावून घेणे.

यंदा बीएएमएस किंवा बीडीएसची जागा मिळत असेल तर ती घ्यावी का, हे प्रत्येक घराने आपली परिस्थिती पाहून ठरवावे. जागा सोडण्याचे नियम आणि दंड मात्र सही करण्याआधी वाचावेत. प्रयत्नांना मर्यादा नाही, वयाची वरची अटही उरलेली नाही. म्हणून वर्षामागून वर्षे लावावीत असे नाही. किती प्रयत्न करायचे, हे पहिल्याच दिवशी मुलासोबत बसून ठरवलेले बरे.

समाज म्हणून आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. बार्टीने ‘नीट’ प्रशिक्षणाची योजना राबवली. आता समाजकल्याण विभागाने पुन्हा परीक्षा देणाऱ्यांसाठी एक वर्षाची वेगळी तुकडी, वसतिगृह आणि निर्वाह भत्ता द्यावा. निवड आधीच्या ‘नीट’ क्रमांकावरून करता येईल, वेगळ्या परीक्षेची गरज नाही. बाबासाहेबांच्या सिद्धार्थ महाविद्यालयाने नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थ्याच्या परिस्थितीप्रमाणे संस्थेने वळायचे असते, हा धडा आपल्याच घरचा आहे.

सरकार ऐकेपर्यंत आपण विहाराची खोली रात्री दहापर्यंत उघडी ठेवू शकतो. वस्तीतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना रविवारी भौतिकशास्त्र शिकवायला बोलावू शकतो. आणि पुन्हा बसणाऱ्या मुलीच्या आई-वडिलांना जाऊन सांगू शकतो, की ती घरी बसलेली नाही, अभ्यासाला बसली आहे.