नावाची वही कोणी सांभाळावी?



आमच्या महाविद्यालयात एक विज्ञान मंडळ आहे. पावसाळ्यात मंडळातील मुले रोज सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातले पाणी मोजतात व आकडा वहीत लिहून ठेवतात. काही वर्षांपूर्वी हे आकडे सर्वांना पाहता यावेत म्हणून आम्ही मंडळाचे एक संकेतस्थळ सुरू केले. तालुक्यातील शाळांना वाटलेल्या तक्त्यांवर त्याचा पत्ताही छापला. मंडळाच्या नावाचे डोमेन नाव गावातील एका संगणक दुकानदाराने घेऊन दिले होते. दरवर्षी तो पैसे मागे, आम्ही देत असू. पुढे त्याने दुकान बंद केले आणि तो गाव सोडून गेला. डोमेन नावाची मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या ईमेलवर येत राहिल्या. आम्हांला त्याचा पत्ताच नव्हता. मुदत संपली, नाव सुटले आणि दुसऱ्याच कोणीतरी ते घेतले. आज आमच्या तक्त्यावरचा पत्ता उघडला, तर पावसाच्या आकड्यांऐवजी भलत्याच जाहिराती दिसतात.

मंडळातली मुले चिडली, आणि ते स्वाभाविकच होते. एक मुलगी म्हणाली, “सर, दुसऱ्यावर विसंबून राहण्यापेक्षा आपणच रजिस्ट्रार होऊ या की! मग आपले नाव कोण घेईल?”

प्रश्न चांगला होता. म्हणून आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. तो हिशेब आणि त्यावरून माझे झालेले मत, दोन्ही येथे देतो.

रजिस्ट्रार म्हणजे कोण?

इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला एक आकडी पत्ता असतो. आकडे लक्षात ठेवणे माणसाला अवघड जाते, म्हणून नावे आली. सुरुवातीला सर्व नावांची आणि आकड्यांची एकच यादी होती. ती अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई, आणि जो तो आपल्या संगणकावर तिची प्रत उतरवून घेई. संगणक वाढले तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नव्या पद्धतीचा आराखडा मांडला. यात एकच मोठी यादी नसते. ‘डॉट कॉम’ची वही वेगळी, ‘डॉट इन’ची वही वेगळी, आणि कोणती वही कोठे आहे हे सांगणारी एक मूळ वही. आजही हीच पद्धत चालू आहे.

ही वही सांभाळणाऱ्या संस्थेला रजिस्ट्री म्हणतात. ‘डॉट कॉम’ची रजिस्ट्री व्हेरिसाइन ही अमेरिकी कंपनी आहे. ‘डॉट इन’ची वही निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था सांभाळते. तुमच्याआमच्यासारख्यांच्या वतीने या वहीत नोंद करण्याचा अधिकार ज्याला असतो, तो रजिस्ट्रार. आणि रजिस्ट्रारच्या हाताखाली गावोगाव नावे विकतो, तो मध्यस्थ विक्रेता. आमचा दुकानदार या तिसऱ्या पायरीवर होता. त्याला वहीला हात लावण्याचा अधिकार नव्हता. तो फक्त वरच्याकडे आमची मागणी पोचवीत असे.

पहिले ‘डॉट कॉम’ नाव, सिम्बॉलिक्स डॉट कॉम, १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले. त्या काळी नोंदणीला पैसे पडत नसत. सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांना १०० डॉलर अशी फी सुरू झाली. ती घेणारी नेटवर्क सोल्युशन्स ही एकच कंपनी होती, तेव्हा घासाघीस करणार कोणाशी? १९९८ मध्ये आयकॅन ही संस्था स्थापन झाली आणि १९९९ पासून अनेक रजिस्ट्रारांना नोंदणीची मुभा मिळाली. चढाओढ आली आणि भाव उतरले.

फळ्यावरचा हिशेब

‘डॉट कॉम’सारखी नावे नोंदण्यासाठी आयकॅनची मान्यता लागते. अर्जाची फी ३,५०० डॉलर. अर्ज नामंजूर झाला तरी ती परत मिळत नाही. मान्यता मिळाल्यावर दरवर्षी ४,००० डॉलर. शिवाय निदान ७०,००० डॉलर खेळते भांडवल हाताशी आहे, असे दाखवावे लागते. सोयीसाठी एका डॉलरचे ९० रुपये धरा. अर्जाचे झाले सव्वातीन लाखांच्या आसपास, वार्षिक फी तीन लाख साठ हजार आणि भांडवल त्रेसष्ट लाख रुपये. मंडळाच्या खजिनदाराने या आकड्यांकडे पाहून खडू खाली ठेवला!

पण हिशेब येथे संपत नाही. तुम्ही पदार्थविज्ञानात स्थिरांक आणि चल राशी शिकता. येथेही तसेच आहे. काही खर्च नाव एक विका की लाख विका, तेवढाच राहतो. काही खर्च प्रत्येक नावामागे येतो.

नावामागचा खर्च पाहा. व्हेरिसाइनचा ‘डॉट कॉम’चा दर १ सप्टेंबर २०२४ पासून एका नावाला वर्षाला १०.२६ डॉलर झाला. जुलै २०२५ पासून आयकॅन प्रत्येक नावामागे वर्षाला ०.२० डॉलर घेऊ लागली. बेरीज १०.४६. आता समजा, आपण ते नाव १२ डॉलरना विकले. उरले १.५४. ग्राहकाने कार्डाने पैसे भरले आणि त्यावर समजा तीन टक्के, म्हणजे ०.३६ डॉलर कटले. हाती राहिले १.१८ डॉलर, सुमारे १०६ रुपये.

नुसती ४,००० डॉलरची वार्षिक फी भरून काढायची, तर ४,००० भागिले १.१८, म्हणजे सुमारे ३,३९० नावे विकावी लागतील. पण संगणक आहेत, ते सांभाळणारा माणूस आहे, फोन घेणारा माणूस आहे, हिशेबनीस आहे, आयकॅनची आणखी एक तिमाही वर्गणीही आहे. हे सगळे मिळून वर्षाला ३०,००० डॉलर धरले, तर उत्तर येते सुमारे २५,४२४ नावे. आम्हांला हवे होते एक!

दर वाढवावा म्हणाल, तर ग्राहक दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जाईल. म्हणजे हा धंदा थोडक्या नफ्याचा आणि मोठ्या संख्येचा आहे. मुंबईच्या भाविन आणि दिव्यांक तुरखिया या भावांनी विशी गाठण्यापूर्वीच, १९९८ साली, डिरेक्टी ही कंपनी सुरू केली. ती पुढे आयकॅनमान्य रजिस्ट्रार झाली. त्यांनी एकेक नाव विकण्यावर भिस्त ठेवली नाही. हजारो लहान विक्रेत्यांना नावे विकता येतील अशी यंत्रणाच उभारली. २०१४ मध्ये त्यांचा हा व्यवसाय एका अमेरिकी कंपनीने विकत घेतला. तेव्हा आपल्याकडच्या तरुणांना हे जमणार नाही, असे मी मुळीच म्हणत नाही. संख्या जमवता आली पाहिजे, एवढेच.

पैशापलीकडचे काम

आता यापेक्षा महत्त्वाची बाब. रजिस्ट्रार दिवसभर करतो काय?

प्रथम, त्याच्या संगणकाला रजिस्ट्रीच्या संगणकाशी ठरलेल्या भाषेत बोलता आले पाहिजे. प्रत्येक रजिस्ट्री आधी त्याची परीक्षा घेते. ‘डॉट कॉम’ची परीक्षा उतरला म्हणून ‘डॉट इन’ची सुटत नाही, करार आणि चाचणी दोन्ही निराळी. रजिस्ट्रीकडे आगाऊ पैसे किंवा हमीही ठेवावी लागते.

नाव घेणाऱ्याचा ईमेल किंवा फोन पंधरा दिवसांत पडताळून पाहायचा असतो. मुदत संपण्याच्या सुमारे एक महिना आधी, मग एक आठवडा आधी आणि नंतर पाच दिवसांच्या आत सूचना पाठवायची असते. ग्राहकाला दुसरीकडे जायचे असेल, तर नाव हलविण्याचा संकेतशब्द द्यावा लागतो; ‘आमच्याकडेच राहा’ अशी सक्ती करता येत नाही. एप्रिल २०२४ पासून आणखी एक कर्तव्य स्पष्ट झाले. आपल्याकडून घेतलेल्या नावाचा उपयोग लोकांना फसवून त्यांचे संकेतशब्द चोरण्यासाठी होतो आहे, असा पुरावा समोर आला, तर ते थांबविण्यासाठी रजिस्ट्रारने तातडीने पावले उचलली पाहिजेत. अशा तक्रारी दिवाळीच्या सुटीतही येतात आणि मध्यरात्रीही.

आणि हे काम वर्ष-दोन वर्षांचे नाही. नाव एका वेळी दहा वर्षांपर्यंत नोंदवता येते. आज नोंदवणाऱ्याला दहा वर्षांनंतरही दार उघडे मिळाले पाहिजे. आमचे विज्ञान मंडळ दर वर्षी नव्या मुलांचे असते. मार्चमध्ये परीक्षा सुरू झाल्या की पर्जन्यमापकाला झाकण घालायलाही कोणी सापडत नाही. अशा मंडळाने इतरांची नावे सांभाळण्याचे वचन कसे द्यावे?

म्हणून आमच्यापुरता निर्णय झाला: आपण रजिस्ट्रार होऊ नये.

मग दार उंच असणे योग्य का?

पण त्या मुलीने पुढचा प्रश्न विचारला. “सर, मग श्रीमंतांनीच ही वही लिहायची का?”

यावर मी पुष्कळ विचार केला. पैशाची अट अगदी निरर्थक नाही. ज्याच्याकडे चार महिने तग धरण्याइतकेही भांडवल नाही, त्याच्या हाती हजारो लोकांची नावे देणे धोक्याचे आहे. परंतु फी भरली म्हणजे माणूस चोख झाला, असेही नाही. अमेरिकेतील रजिस्टरफ्लाय ही कंपनी आयकॅनची मान्यताप्राप्त रजिस्ट्रार होती. तिचा कारभार बिघडला, लोकांची नावे हातची जाऊ लागली, तक्रारींचा ढीग पडला. अखेर २००७ साली आयकॅनने तिची मान्यता काढली आणि तिच्याकडची लाखो नावे दुसऱ्या रजिस्ट्रारकडे सोपवावी लागली. फीने हे संकट टळले नाही. उपयोग झाला तो त्यानंतर केलेल्या व्यवस्थेचा. ग्राहकांच्या नोंदींची एक प्रत तिऱ्हाईत संस्थेकडे नियमाने ठेवण्याची तरतूद त्याच वर्षी अंमलात येऊ लागली. रजिस्ट्रार बुडाला, तरी नोंदी बुडू नयेत, हा तिचा हेतू.

दुसरी बाजू आपल्याच देशात पाहा. ‘डॉट इन’ची वही १९८९ पासून मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती. नियम कडक होते. १९९२ ते २००४ या काळात जेमतेम ७,००० नावे नोंदली गेली. जानेवारी २००५ पासून नियम सैल झाले, अनेक रजिस्ट्रारांना मुभा मिळाली आणि २०१० पर्यंत ही संख्या सहा लाखांवर गेली. दार फार अरुंद ठेवले, तर लोक आतच येत नाहीत.

म्हणून माझे मत असे. दारावरची रक्कम लहान संस्थांनाही झेपेल इतकी असावी. आयकॅनचे ४,००० डॉलर अमेरिकेतील मोठ्या कंपनीला आणि आपल्याकडच्या जिल्ह्याच्या गावातील संस्थेला सारखेच भरावे लागतात. त्यांचे ओझे मात्र सारखे नसते. त्याऐवजी आतली तपासणी कडक असावी. नोंदींची प्रत वेळेवर ठेवली जाते का, सूचना खरोखर पोचतात का, नाव हलविताना अडवणूक होते का, हे वारंवार पाहावे. शाळेत प्रवेशासाठी भरमसाट देणगी घेऊन वर्षभर वह्या न तपासणारी शाळा चांगली, की माफक फी घेऊन दर आठवड्याला वह्या तपासणारी? तुम्हीच सांगा.

२०१४ साली ‘डॉट भारत’ हे देवनागरी डोमेन सुरू झाले. मराठी शाळेला, वाचनालयाला आता मराठी लिपीतला पत्ता घेता येतो. पण तो घ्यायला मराठीत समजावून सांगणारा, मराठीत तक्रार ऐकणारा माणूस दाराशी हवा. तो बहुधा गावातला लहान विक्रेताच असणार. रजिस्ट्रारांची तपासणी करताना या तिसऱ्या पायरीकडेही लक्ष गेले पाहिजे, कारण आमचे नाव हरवले ते तिथेच.

तुम्ही काय कराल?

दोष एकट्या दुकानदाराचा नव्हता. नाव कोणाच्या नावे आहे, हे आम्ही कधी विचारलेच नाही. तुमच्या शाळेचे संकेतस्थळ असेल, तर पुढील चार गोष्टी मुख्याध्यापकांना किंवा संगणकाच्या बाईंना जरूर विचारा.

१. डोमेन नावाचा धारक म्हणून शाळेची नोंद आहे, की नाव घेऊन देणाऱ्या व्यक्तीची?

२. सूचना कोणत्या ईमेलवर येतात? तो शाळेचा आहे, की बदली होऊन गेलेल्या शिक्षकांचा?

३. मुदत कधी संपते? ती तारीख कार्यालयातील फळ्यावर लिहिली आहे का?

४. रजिस्ट्रार कोण, आणि नाव दुसरीकडे हलवायचे झाल्यास संकेतशब्द कोण देईल?

आमच्या मंडळाने आता नवे नाव घेतले आहे. ते महाविद्यालयाच्या नावे आहे आणि मुदतीची तारीख पर्जन्यमापकाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आहे. ती वही रोज सकाळी कोणीतरी उघडतेच. जुने तक्ते मात्र अजून शाळांच्या भिंतींवर आहेत. या दिवाळीनंतर मुले शाळाशाळांतून जाऊन त्यांवर नव्या पत्त्याच्या चिठ्ठ्या डकवणार आहेत. शाळा आहेत एकेचाळीस.