वैरणीचे दहा गुंठे



गाळप संपले, टोळ्या आपापल्या गावी गेल्या. आता भीमा-सीना खोऱ्यातल्या कोणत्याही पारावर दोनच गोष्टींची चर्चा चालते. पाणी किती दिवस पुरेल आणि वैरण किती दिवस पुरेल. वैशाख सरत आला की हे ठरलेलेच. मृगाचा पाऊस पडला की ही चर्चा थांबते, आणि पुढच्या वैशाखात पुन्हा तिथूनच सुरू होते. मधल्या अकरा महिन्यांत आपण काय केले, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. तो आज विचारावा असे आम्हांस वाटते, कारण आडसाली लागणीच्या तोंडावरच त्याचे उत्तर देता येते, नंतर नाही.

आधी शिवाराकडे पाहू. सुरूचा ऊस फुटव्यात आहे आणि उन्हाचा सगळा तडाखा त्याच्यावर आहे. पाण्याची पाळी लांबली की खोडकीड हटकून येते, पोंगे वाळतात. ज्यांनी हलकी बाळबांधणी केली त्यांचे फुटवे बऱ्यापैकी तगतात. खोडव्याचे दोन प्रकार दिसतात. पाचट ठेवून सऱ्या झाकल्या तिथे ओल टिकते, आणि पाचट पेटवून दिले तिथे जमीन भेगाळून उघडी पडते. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. ते जाळणे म्हणजे शेतातले सेंद्रिय खत आपल्याच हाताने धुरात घालवणे. कृषी विद्यापीठाची शिफारस साधी आहे. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू खत टाकावे. पाणी तुटणार असे दिसले तर एक आड एक सरी भिजवावी, आणि १०० लिटर पाण्यात २ किलो युरिया व २ किलो म्युरेट ऑफ पोटॅश घालून फवारावे. एवढ्याने पाऊस पडत नाही, पण ऊस पावसापर्यंत दम धरतो.

वळवाचा पहिला पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून वर येतात आणि दिवेलागणीला कडुनिंब-बाभळीवर बसतात. फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडायचे आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे, हा उपाय सर्वांना ठाऊक आहे. एकट्याने केला तर त्याचा उपयोग नाही. शेजारच्या बांधावरचे भुंगेरे आपल्याच उसात अंडी घालतात. तेव्हा हे काम अख्ख्या वस्तीने एका आठवड्यात उरकायचे आहे.

आता गोठ्याकडे वळू. आमच्या मते खरा प्रश्न तिथेच आहे.

आपल्या घराचे दोन हिशेब असतात. उसाचे बिल वर्षाकाठी हप्त्या-हप्त्याने येते आणि सोसायटीचे कर्ज, खताची उधारी, एखादे लग्नकार्य यांत जिरून जाते. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येतो, आणि त्यावर मीठ-मिरची, शाळेची वही, दवाखाना चालतो. पहिला हिशेब बहुधा बाप्याच्या हातात असतो, दुसरा बाईच्या कष्टावर उभा असतो. उसाचे बिल महिनाभर लांबले तर आपण सभेत आवाज चढवतो. मे महिन्यात दुभती गाय दावणीची सोडून बाजारात न्यावी लागते, तेव्हा मात्र कोणाचा आवाज चढत नाही. घरातली माउली तेवढी गप्प होते.

गाय का विकावी लागते? गाळप चालू असते तोवर वाढे मिळते. मार्चनंतर वाढे संपते. कडबा पूर्वी घरचा असे. आता बागायत वाढली तशी ज्वारी मागे हटली. ज्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच जिल्ह्यातला उसाचा सभासद आज शेकड्याने कडबा विकत आणतो. उन्हाळ्यात सगळेच घेणारे असतात, म्हणून कडबा महाग. आणि सगळेच विकणारे असतात, म्हणून जनावर स्वस्त. मेमध्ये पडत्या भावात विकलेली गाय दिवाळीला चढत्या भावात परत घ्यायची, हा व्यवहार कोणत्याही खतावणीत बसत नाही.

यावर कोणी म्हणतील, "दुष्काळ काय दरवर्षी पडतो?" गेल्या काही वर्षांचे दाखले आठवून पाहा. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर शासनाने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत आपल्या जिल्ह्यातले माळशिरस, सांगोला, करमाळा, माढा आणि बार्शी होते. उजनी धरण ११७ टीएमसीचे, पण त्यातला ६३ टीएमसीहून अधिक साठा मृतसाठा आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते तुडुंब भरले. २०२५ साली उलटेच झाले. २५ मे रोजीच मोसमी पाऊस महाराष्ट्रात पोचला. रोहिणीतच शेते तुंबली, मशागती अडल्या, उघड्यावरच्या बनिमी भिजून कडबा काळा पडला. सप्टेंबरात सीनेला असा पूर आला की काठच्या गावांतली वैरण आणि जनावरेही पाण्यात गेली.

म्हणजे कोरडे वर्ष असो वा ओले, मार खाते ती वैरणच. आपण वैरणीची तरतूद पंचांगावर सोडतो, आणि पाऊस काही पंचांग वाचून पडत नाही. तहान लागल्यावर विहीर खोदायची ही सवय मोडली पाहिजे.

म्हणून आमची सूचना अशी. ज्या सभासदाच्या दावणीला दोन जनावरे आहेत त्याने आडसाली लागणीच्या सऱ्या सोडण्याआधी दहा गुंठे वैरणीसाठी बाजूला काढावेत. ही जमीन बांधाकडेची किंवा चिबडाची नसावी. पाणी पोचेल अशी चांगली जमीन हवी.

हिशेब करून पाहा. मोठ्या जनावराला दिवसाला २० ते २५ किलो हिरवी वैरण आणि ५-६ किलो सुकी वैरण लागते. हिरवीच्या ऐवजी मुरघास दिला तर दिवसाला १५ ते २० किलो पुरतो. उन्हाळ्याचे शंभर दिवस धरले तर दोन जनावरांना तीन ते चार टन मुरघास आणि टन-सव्वा टन कडबा हवा. चाऱ्याचा मका चांगल्या खत-पाण्यावर हेक्टरी ५० टनांच्या आसपास येतो, म्हणजे दहा गुंठ्यांत पाच टन. जूनअखेर पेरलेला मका सप्टेंबरात कणसे चिकात असताना कापायचा, कुट्टी करून पिशवीत किंवा खड्ड्यात हवा राहणार नाही असा दाबून भरायचा. दीड-दोन महिन्यांत मुरघास तयार होतो आणि तोंड बंद राहिले तर पुढच्या मेपर्यंत टिकतो. मका निघाल्यावर त्याच दहा गुंठ्यांत रब्बीची ज्वारी पेरायची. घरची भाकरी आणि कडब्याचा बराचसा वाटा त्यातून निघतो. बनीम उंचवट्यावर रचून वरून झाकली म्हणजे २०२५ सारखी वेळ आली तरी सगळे हातचे जात नाही.

"दहा गुंठ्यांतला ऊस बुडाला त्याचे काय?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. एकरी ४० टन उतारा धरला तर दहा गुंठ्यांत १० टन ऊस. २०२५-२६ हंगामाची एफआरपी सव्वादहा टक्के उताऱ्याला टनी ३,५५० रुपये होती. म्हणजे साडेपस्तीस हजार, त्यातून तोडणी-वाहतूक वजा, आणि लागण-खताचा खर्च वेगळा. शिवाय आडसालीने ती जमीन सोळा-अठरा महिने अडवलेली असते. तेवढ्या काळात वैरणीच्या तुकड्यातून मका, ज्वारी आणि पाणी असेल तर पुन्हा मका निघतो. ज्याला कडबा विकत घ्यावा लागतो आणि पडत्या भावात गाय विकावी लागते, त्याने दोन्ही बाजू कागदावर मांडून पाहाव्यात. आमच्या मते वैरणीचे पारडे जड भरेल. ज्याच्याकडे जनावरच नाही त्याला आमचा आग्रह नाही.

आता पाण्याची गोष्ट. मोकळ्या पाटपाण्यावर सुरूला सुमारे २५० हेक्टर-सेंटिमीटर पाणी लागते आणि आडसालीला ३५० च्या घरात. एक हेक्टर-सेंटिमीटर म्हणजे एक लाख लिटर. दोन्हींतला फरक हेक्टरी एक कोटी लिटरचा झाला. आपल्या जिल्ह्यात वर्षाला पाऊस पडतो साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि आडसाली मागते साडेतीन हजार मिलिमीटर. हा फरक कॅनॉल, विहीर आणि बोअरने भरून काढायचा असतो. जुलै-ऑगस्टात लावलेली आडसाली पुढच्या मेमध्ये दहा महिन्यांची, भर तहानेत असते. २०२३ ला लावलेल्यांनी २०२४ चा मे कसा काढला, ते त्यांनाच विचारावे. मृगाचा एक चांगला पाऊस झाला की लगेच सगळ्या रानात सऱ्या सोडणे म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचे पाणी आजच खर्ची टाकणे होय. अंथरूण पाहून पाय पसरावेत. विहिरीचे मेमधले पाणी किती एकराला पुरते तेवढीच आडसाली लावावी, बाकी पूर्वहंगामी किंवा सुरू करावी. ठिबक असेल तर ४० ते ५० टक्के पाणी वाचते. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस वाढवला तर वाचले काय? त्या वाचलेल्या पाण्यातूनच वैरणीचे दहा गुंठे भिजले पाहिजेत.

यात कारखान्याचेही हित आहे, हे संचालक मंडळाने ध्यानी घ्यावे. वैरण संपली की उभा ऊस तोडून दावणीला जातो. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत चारा छावण्यांना ऊसच गेला. त्यात सभासदाचा दोष नाही, डोळ्यांदेखत जनावर उपाशी कोण ठेवील? पण गव्हाणीतला ऊस कमी होतो तो असा. आणि नुसत्या वाढ्या-उसावर जनावर फार दिवस ठेवले तर त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे अंगातला चुना घटतो, दूध आटते. म्हणून वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, असे पशुवैद्यक सांगतात.

तेव्हा आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. एक, शेतकी खात्याने लागणीची नोंद घेताना सभासदाच्या दावणीची आणि वैरणीच्या क्षेत्राचीही नोंद घ्यावी. दोन, उसाच्या बेण्याप्रमाणे मक्याचे बियाणे आणि मुरघासाच्या पिशव्या बिलातून कपातीवर द्याव्यात. तीन, प्रत्येक गटाला एक मोठे कुट्टी यंत्र फिरते ठेवावे. याला फार मोठा पैसा लागत नाही, मनावर घ्यावे लागते.

आणि सभासदांनी मृगाआधी करायच्या गोष्टी: घटसर्प व फऱ्याची लस जनावरांना टोचून घ्यावी. २०२२ साली लम्पीने किती दावणी रिकाम्या केल्या ते विसरू नये. गोठ्याच्या पत्र्यावर पाचट पसरावे, म्हणजे दुपारची धग कमी होते. दुभत्या जनावरापुढे पाणी दिवसभर असावे. पहिल्या पावसावर उगवलेली कोवळी ज्वारी जनावरांना खाऊ देऊ नये, ती विषारी असते.

येत्या लागणीची नोंद द्यायला गट ऑफिसात जाल, तेव्हा उसाच्या एकराखाली वैरणीचे गुंठेही लिहून द्या. फॉर्मवर तसा रकाना नसेल तर कोऱ्या जागेत लिहा. दोन-चारशे सभासदांनी तसे लिहून दिले तर पुढच्या वर्षी रकाना आपोआप छापला जाईल. आणि घरी विचारूनच लिहा. गोठा जिच्या कष्टावर चालतो, किती गुंठे हवेत हे तिला आपल्यापेक्षा नेमके ठाऊक असते.